वैनगंगेकाठची रिकामी दोन मिनिटं

पवनीला मी फिरायला म्हणून गेले नव्हते. तरी आजवर केलेल्या सगळ्या प्रवासांत ‘पुन्हा जायला हवं’ असं अजून वाटतं ते याच एका प्रवासाबद्दल. म्हणून या ब्लॉगवर हिमाचल आणि केरळला थोडं थांबावं लागणार आहे. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. नागपूरच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते, वय चोवीस, आणि स्वतःच्या हुशारीवर माझा फार म्हणजे फारच विश्वास होता.

आधी कामाचं सांगते. वैनगंगेच्या काठी पुराची खबर देणारी तीन वायरलेस ठाणी होती. दर तासाला एकेक ठाणं आपापल्या इथली पाण्याची पातळी नागपूरला कळवायचं. तिघांना मिळून फ्रिक्वेन्सी एकच. फ्रिक्वेन्सी म्हणजे हवेतली वाट समजा. त्या वाटेवर एका वेळी एकानंच बोलायचं, दोघं बोलले की दोघांचंही वाया जातं. तासातली पहिली पंधरा मिनिटं या तीन ठाण्यांची, बाकीचा तास दुसऱ्या नद्यांवरच्या ठाण्यांनी भरलेला. अशात नदीपलीकडच्या मोहटोला नावाच्या गावानं चौथा सेट मागितला. पूर आला की त्या गावाचा चार-चार दिवस जगाशी संबंध तुटायचा. ठाणी चालवणाऱ्या खात्यानं एका ओळीत कळवलं, ‘जागा नाही.’

आमच्या विभागाचे उमाळे सर खात्याला अधूनमधून सल्ला द्यायचे. ते म्हणाले, “नवा रस्ता मागायच्या आधी जुना रस्ता किती वेळ रिकामा पडून असतो ते तर मोजू. वसुधा, येतेस?”

घरी आईनं कपाळाला हात लावला. “पुराच्या दिवसात लोक नदीपासून लांब पळतात वं, अन् तू काहून जवळ चालली?” पण तिनंच पहाटे उठून दशम्या बांधून दिल्या.

पोळा-मारबत होऊन पंधरवडा झाला होता. सकाळी सातची पवनीची एसटी. आमच्याकडे लाकडी पेटीतला रिसीव्हर, एक छोटा ट्रान्समीटर आणि ट्रकची बॅटरी. हे सगळं मागच्या सीटखाली ढकलताना कंडक्टर वाकून पाहायला लागला.

“काय हाय बाई याच्यात?”

“रेडिओ आहे.”

“मंग लावा ना! उमरेडपर्यंत गाणे तरी ऐकू.”

यात गाणी लागत नाहीत म्हटल्यावर त्याचा आमच्यातला रस संपला. लगेजचं तिकीट मात्र त्यानं न विसरता फाडलं.

तुम्हाला या बाजूला जायचं असेल तर उमरेडला उतरून खा, पुढे खाण्याचं फारसं काही नाही. आम्ही स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, वर तर्री ओतलेली. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी दुसरा मागवला. समोरच्या झाडांच्या पानांवर कोळशाची बारीक धूळ, आणि हातमागाच्या लुगड्यांचे गठ्ठे बसच्या टपावर चढत होते. भिवापूरला बस अर्धा तास थांबली, कारण ड्रायव्हरला मिरची घ्यायची होती. नवी मिरची यायला अजून अवकाश होता, पण गेल्या सालचीच एवढी झणझणीत होती की पोतं उघडल्याबरोबर अख्खी बस शिंकली. मीही पावशेर घेतली. भिवापूरहून रिकाम्या हातानं जाऊ नये हा माझा सल्ला आजही कायम आहे.

पवनीपासून सावरघाटच्या ठाण्यापर्यंत बंडीनं गेलो, बैलांच्या चालीनं दोन तास. दोन्ही बाजूंना धान पोटऱ्यात आलेलं. मग वाट एका उंचवट्यावर चढली आणि समोर वैनगंगा आली. मी नागपूरची, नाग नदी पाहून वाढलेली. नदीला दुसरा काठ इतक्या लांब असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मातकट, रुंद, आवाज न करता जाणारं ते पाणी पाहून मी बंडीतून उतरले आणि तशीच उभी राहिले. बंडीवाला म्हणाला, “पाहून घ्या बाई, बैल बी दम खातात.”

ठाणं म्हणजे एक कौलारू खोली, बाहेर उंच बांबूवर तार, आणि आत टेबलावर वायरलेस सेट. ऑपरेटर भाऊरावजी पन्नाशीचे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. शब्दांचे ते कंजूष होते. आम्ही काय मोजायला आलोय हे सरांनी सविस्तर समजावलं. ते ऐकून “बरं हाय” एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला गेले. त्यांच्या घरी जेवलो. गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि झिंग्याची चटणी. एवढा चवदार भात मी नंतर कुठेच खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मी रिसीव्हरपुढे बसले. या रिसीव्हरवर एक सुई होती. वाटेवर कोणी बोलत असलं की सुई उजवीकडे पळायची, गप्प असलं की डावीकडे पडून राहायची. मी हातात स्टॉपवॉच धरून मिनिटामिनिटाला खूण करत होते. पहिल्या दोन-तीन तासांतच मला घबाड सापडलं. आधी पुलावरचं ठाणं बोलायचं. मग सगळे दोन मिनिटं चिडीचूप. मग भाऊरावजी बोलायचे. पुन्हा दोन मिनिटं चूप. मग खालचं ठाणं, आणि परत दोन मिनिटं. दर तासाला सहा मिनिटं वाट चक्क रिकामी!

“ही शांतता कशासाठी, भाऊरावजी?” मी विचारलं.

ते लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “तशी रीत हाय.”

सरकारी रीत असणार, अशीच एक निरर्थक, असं मी मनात म्हटलं आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: रिकामा वेळ. सरांनी माझी पाठ थोपटली. मी तर हवेतच होते.

दुपारी आम्ही डोंग्यानं मोहटोल्याला गेलो. इथली एक पद्धत सांगायला हवी. ठाण्यापुढच्या बांबूवर भाऊरावजी पांढरा दुपट्टा लावायचे तेव्हा डोंगा पाण्यात घालायचा. लाल लुगडं लावलं की जिथं असाल तिथं थांबायचं. त्या दिवशी पांढरा होता.

पलीकडे सेट मागणारी बाई आम्हाला काठावरच भेटली. पार्वताबाई, गावातल्या उपकेंद्राची नर्स. चाळिशीची, सडपातळ, पदर खोचलेला. तिच्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात एक खाट, एक कंदील आणि बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी. गेल्या भादव्यात तिथं एक बाई अडली होती. पलीकडे डॉक्टर होता, मधे नदी होती. पार्वताबाईनं काठावर उभं राहून दुपारपासून अंधार पडेपर्यंत हाका मारल्या.

“पाण्याच्या आवाजात माही हाक अर्ध्यात बी नाई पोचली,” ती म्हणाली. “बाई गेली. लेकरूबी गेलं. थे खाट मी रोज पाहतो बाई. मले मशीन पाह्यजे. जागा हाय का नाई, तेवढं खरं सांगा.”

मी उरलेली सगळी हुशारी पणाला लावून सांगितलं, “आहे. भरपूर आहे. उद्या दाखवतेच.” ती माझा हात धरून उभी राहिली. आजही ते आठवलं की मला कसंतरी होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि बॅटरी डोंग्यातून पलीकडे नेली. बाराच्या ठोक्याला पुलावरचं ठाणं बोललं. सुई डावीकडे पडली. मी रीतसर दहा सेकंद पाहिलं, सुई हलत नाही याची खात्री केली आणि बटण दाबून ‘मोहटोला चाचणी’ म्हणून एक ते शंभर आकडे मोजले. पुढच्या दोन्ही शांततांमध्ये पुन्हा तेच. नागपूरहून स्पष्ट उत्तर आलं, ‘ऐकू येतंय.’ पार्वताबाईनं उपकेंद्राच्या दारात मला साखर दिली. ठाण्याच्या बांबूवर पांढरा दुपट्टा होता, म्हणून आम्ही लगेच परत निघालो.

नदीच्या मधोमध असताना डोंगा चालवणारा रामाजी एकाएकी ताठ झाला. समोरच्या काठावर भाऊरावजी धावत येत होते. हातात लाल लुगडं, बांबूवर लावायलाही थांबले नव्हते, नुसतं डोक्यावरून गरगर फिरवत होते. रामाजीनं प्रश्न विचारला नाही. डोंगा फिरवला आणि जवळच्या खडकाळ बेटाकडे जीव खाऊन वल्हवला. आम्ही खडकावर चढलो आणि दहा मिनिटांत वरच्या नाल्याचं पाणी आलं. झाडाचे ओंडके, गवताच्या पेंढ्या, एक अख्खं कुंपण, सगळं आम्ही होतो त्याच जागेवरून गेलं. सर माझा दंड घट्ट धरून होते. पाणी उतरायला तीन तास लागले.

काठावर पोचलो तेव्हा मी भाऊरावजींना विचारलं, “नाल्याला पाणी येतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्यांनी आधी लाल लुगड्याची घडी घातली. मग म्हणाले, “दौलतजीनं सांगतलं. थे तीनही पाळ्यांत सांगून राहिले होते बाई. तुमी वरतून आकडे मोजून राहिल्या होत्या. तुमचे आकडे संपले तवा आमाले त्यायचा आवाज भेटला.”

“कोण दौलतजी? सुई तर हलत नव्हती!”

त्यांनी मला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि आपले हेडफोन माझ्या कानांवर चढवले. पाच वाजत होते. पुलावरचं ठाणं बोललं, थांबलं. सुई डावीकडे पडली. “आता डोळे मिटा,” भाऊरावजी म्हणाले, “अन् सुईले इसरा.”

आधी नुसती सरसर. तांदूळ पाखडल्यासारखी. मग त्या सरसरीच्या तळाशी काहीतरी होतं. मी श्वास रोखला. एक म्हातारा आवाज, धाग्याएवढा, सावकाश म्हणत होता, “पिंपळडोह. पाणी चौथ्या पायरीवर. उतरून राहिलं. पिंपळडोह. पाणी चौथ्या पायरीवर.”

मी डोळे उघडून पाहिलं. सुई जागची हलली नव्हती आणि माणूस बोलत होता. दोन दिवस मी त्या माणसाच्या नावापुढे ‘रिकामा वेळ’ लिहीत होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वरच्या नाल्यावरचं पिंपळडोहचं ठाणं खात्यानं काही वर्षांपूर्वी बंद केलं होतं, कारण तिथं जायला रस्ता नाही. सेट मोडीत काढला होता. पण नाला आधी चढतो आणि नदी नंतर, हे काठावरच्या सगळ्यांना माहीत. दौलतजी तिथले निवृत्त झालेले पातळी वाचणारे. भाऊरावजींनी मोडीतला सेट जोडून त्यांना दिला. बॅटरी जुनी, दर आठवड्याला सायकलवरून भिवापूरला नेऊन भरून आणायची. तिच्यात जोर एवढाच की आवाज कानाला लागावा, सुई मात्र हलू नये. म्हणून तिन्ही ठाण्यांनी आपसांत ठरवलं की प्रत्येकानं बोलून झालं की दोन मिनिटं बटणाला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं. पहिल्या खेपेला दौलतजी सापडले नाहीत तर दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या. याला ते कानपाळी म्हणायचे. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. असतं तर सेट दुसऱ्या दिवशी उचलून नेला असता. म्हणूनच भाऊरावजी मला ‘रीत हाय’च्या पुढे काही बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. कानपाळी अहवालात लिहिली तर दौलतजींचा सेट जाणार. नाही लिहिली तर खातं ती सहा मिनिटं रिकामी समजून उद्या आणखी कोणाला तरी देणार आणि दौलतजींचा आवाज कायमचा बुजणार. शिवाय पार्वताबाईला मी शब्द दिला होता. सर म्हणाले, “तू मोजलंस, तूच ठरव.” त्यांचा त्या क्षणी मला भयंकर राग आला.

सकाळी मला एक कल्पना सुचली. दौलतजींना बोलायला अर्धं मिनिट लागतं आणि पाळ्या तीन आहेत. पार्वताबाईनं प्रत्येक पाळीत आधी नुसतं ऐकायचं. दौलतजी असले तर बटणाला हात लावायचा नाही, नसले तरच बोलायचं. पण त्यासाठी तिला तो धाग्याएवढा आवाज ऐकू यायला हवा, आणि मला तो ऐकायला भाऊरावजींसारखा गुरू लागला होता. आम्ही पुन्हा पलीकडे गेलो. पार्वताबाईच्या कानांवर हेडफोन चढवले. मी तिला डोळे मिटायला सांगणार होते, तेवढ्यात तिनं आपणहून मिटले. तासाचा ठोका पडला, पुलावरचं ठाणं बोलून थांबलं.

“म्हातारा माणूस हाय,” ती लगेच म्हणाली. “पाचवी पायरी म्हणून राहिला. दमा हाय का वं त्याले?”

मी तिच्या हातातल्या त्या लाकडी नळीकडे पाहिलं. आईच्या पोटातलं लेकरू ऐकणाऱ्या बाईला मी ऐकायला शिकवणार होते! उमाळे सर खो खो हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

एवढ्यावर प्रश्न सुटला नव्हता. दौलतजींचं नाव लिहायचं तर त्यांना विचारायला हवं होतं. आम्ही ठाण्यावर परतलो. दुपारच्या पहिल्या पाळीत भाऊरावजींनी सेटचा जोर नागपूरला ऐकू जाणार नाही एवढा कमी केला आणि बटण दाबून विचारलं, “दौलतजी, नागपूरच्या बाई तुमचं नाव कागदावर लिवतो म्हणून राहिल्या. मशीन जाऊ बी शकते, राहू बी शकते. काय करू?”

दुसऱ्या पाळीत काहीच आलं नाही. तिसऱ्यातही नाही. तासभर मी काठावर फेऱ्या मारल्या. पुढच्या तासाच्या पहिल्या पाळीत तो आवाज आला, तसाच सावकाश. “लिवा. मी किती दिवसाचा सोबती. पण पलीकडच्या बाईले मशीन भेटलं पाह्यजे.”

दौलतजींचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. त्या माणसाविषयी मला जो आदर वाटला तसा पुढे फार थोड्यांविषयी वाटला.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. भिवापूरजवळ बसचा टायर पंक्चर झाला आणि नागपुरात पोचायला संध्याकाळ झाली. आठवडाभर बसून मी अहवाल लिहिला. कानपाळी जशीच्या तशी मांडली, सुईच्या खुणा आणि कानाच्या खुणा शेजारी शेजारी ठेवल्या, आणि ‘रिकामा वेळ’ हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले. उमाळे सर तो घेऊन खात्यात गेले आणि कोणाकोणाशी भांडले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण पिंपळडोह ‘तात्पुरतं ठाणं’ म्हणून कागदावर परत आलं आणि मोहटोल्याला सेट मिळाला. पुढे मी याच क्षेत्रात नोकरी केली, निवृत्त झाले. आता स्वतःच आधी ऐकणारी आणि मोकळी जागा शोधून मगच बोलणारी यंत्रं निघाली आहेत. खेड्यांसाठी त्यांचा फार उपयोग होईल असं तरुण मुलं मला उत्साहानं समजावतात. मी मन लावून ऐकते. एकच विचारते, तुमच्या यंत्राला जे ऐकू येत नाही त्याचं काय करता?

तुम्ही जाणार असाल तर भादव्याच्या शेवटी जा, सोबत छत्री ठेवा आणि डोंग्यावाल्याचं ऐका.

त्या प्रवासानंतरच्या पावसाळ्यात भाऊरावजींचं अंतर्देशीय पत्र आलं. मी ते दारातच उभ्यानं फोडलं. मोहटोल्यात पुन्हा एक बाई अडली होती, नदीला पूर होता. पार्वताबाईनं सेट लावला तेव्हा पुलाची पाळी नुकतीच संपली होती. ‘तिकडं काय होऊन राहिलं ते आमाले माहीत नव्हतं,’ भाऊरावजींनी लिहिलं होतं. ‘पार्वताबाई बटणावर हात ठेवून ऐकत बसली. समोर खाटेवर बाई वरडत होती तरी ऐकत बसली. दौलतजी आले. पण पातळी सांगाच्या आधी त्यायनं इचारलं, पलीकडं कोणाचा श्वास ऐकू येऊन राहिला? बटण मधीच थोडं दबलं होतं तिचं. पाळी त्यायची, म्हणून कोणी बोललं नाई. मंग दौलतजी म्हणाले, माहं पाणी जागच्या जागी हाय, माही पाळी पलीकडच्या बाईले द्या. तवा ती बोलली. डॉक्टरले आम्ही मोठ्या नावेनं नेलं. पोरगी झाली. दोघी ठीक हायेत.’

आतून आई विचारत होती कोणाचं पत्र आहे म्हणून. मी आत गेले आणि ते पहिल्यापासून तिला वाचून दाखवलं.